मापाआधीचा धपाटा

कोटाचं माप द्यायला उभा राहिलेला माणूस खोटारडा असतो, असं मास्तरांचं ठाम मत होतं. एरवी तो कितीही सज्जन असो. आरशासमोर उभा केला की पोट आत घेतो, छाती पुढे काढतो, खांदे मागे ओढतो आणि स्वतःच्याच प्रेमात पडल्यासारखा बघत राहतो. त्या अवस्थेत घेतलेलं माप त्या माणसाचं नसतंच. त्याला जो माणूस व्हावंसं वाटतं त्याचं असतं. कोट मात्र घालायचा असतो खऱ्या माणसाला, आणि तोही भरपेट जेवण झाल्यावर.

यावरचा उपाय मास्तरांना त्यांच्या मामांनी शिकवला होता. शिवणाचं दुकान मूळ मामांचंच. टेप गिऱ्हाइकाच्या गळ्यात अडकवायची, इकडचं तिकडचं बोलायचं, गुडघे कसे आहेत, मुलगा काय म्हणतो, आणि तो उत्तर द्यायला लागला की दोन खांद्यांच्या मधोमध उघड्या पंजाचा एक धपाटा घालायचा. फार जोरात नाही, पण लाडाचाही नाही. माणूस "अहो!" म्हणतो, कोंडलेला श्वास सुटतो, खांदे उतरतात, पोट आपल्या हक्काच्या जागी येऊन बसतं. पुढची तीन-चार सेकंदं माणूस जसा आहे तसा असतो. तेवढ्यात छाती, पोट, पाठ, काखेचा मुंढा उरकायचा. मास्तर आकडे ओरडायचे आणि मशीनच्या पलीकडे बसलेली बायको ते वहीत उतरवून घ्यायची. सांगून धपाटा घालण्यात अर्थ नसायचा, कारण सांगितलं की माणूस पाठ कडक करतो आणि सगळंच फिसकटतं. बायकांची मापं बायको घ्यायची. ती मारायची नाही. ती फक्त वय विचारायची, आणि काम तेवढंच चोख व्हायचं.

अशी अडतीस वर्षं गेली. हेडमास्तर, दोन डॉक्टर, बँकेचे मॅनेजर आणि कोर्टातले निम्मे वकील यांनी मास्तरांचा मार खाल्ला होता. भल्याभल्यांना बदडूनही मास्तर गावात गरीब गाय म्हणूनच ओळखले जात. मार खाल्लेली मंडळी एकमेकांना भेटली की "झाला का तुमचा प्रसाद?" म्हणून हसायची. कोट इतके छान बसायचे की कोणाची तक्रार असण्याचं कारणच नव्हतं.

मग कंत्राटदार आले. त्यांनी बांधलेल्या पुलाचं उद्घाटन होतं आणि त्यांना त्यासाठी कोट हवा होता. माणूस धिप्पाड, आवाज पुलापलीकडे पोचेल असा, आणि पायात नवेकोरे चामडी तळाचे बूट. मास्तर एरवी आधी गिऱ्हाइकाचे पाय घट्ट रोवलेत ना, ते बघायचे. त्या दिवशी त्यांचं लक्ष कंत्राटदारांच्या पोटाकडे गेलं, कारण इतकं मोठं पोट इतकं आत घेणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. त्यांनी पुलाला खांब किती ते विचारलं. कंत्राटदार मिशी निरखायला आरशाकडे वाकले, "सात" म्हणाले, आणि धपाटा बसला. बूट घसरले. कंत्राटदारांची भुवई आरशाच्या चौकटीवर आपटली.

इथपर्यंत फार तर अपघात होता. पण हाताला अडतीस वर्षांची सवय. कंत्राटदार कपाळ धरून हेलपाटत उभे असताना, त्यांचा श्वास सुटलेला, खांदे उतरलेले, पोट पूर्ण जागेवर आलेलं मास्तरांनी पाहिलं, आणि त्यांच्या हातांनी टेप फिरवली. तोंडानं आकडे ओरडले. बायकोनं ते लिहिलेसुद्धा. फिर्यादीत पुढे हे असं आलं: "आरोपीने फिर्यादीस पाठीमागून मारहाण केली व फिर्यादी जखमी अवस्थेत असताना त्याच्या छातीभोवती दोरीसारखी वस्तू आवळली."

खालच्या कोर्टात मास्तरांनी वकील दिला नाही. खरं बोलायला वकील कशाला, असा त्यांचा हिशेब. डॉक्टरांनी भुवईवर तीन टाके घातल्याचं सांगितलं तेव्हा आरोपीच्या पिंजऱ्यातून "विरळ आहेत" असा शेरा आला. मग न्यायाधीशांनी विचारलं, "तुम्ही फिर्यादीला मारलं का?"

"साहेब, मी सगळ्यांनाच मारतो," मास्तर अभिमानानं म्हणाले.

ते लिहून घेतलं गेलं. एवढ्यावर थांबतील तर ते मास्तर कसले. न्यायाधीशांचा हात लिहिताना काखेत अडकतोय हे मघापासून त्यांच्या डोळ्यांत सलत होतं. ते म्हणाले, "आपल्यालाही एक मारला असता, तर आपला कोट असा काखेत धरला नसता."

तीन महिने साधी कैद. कोणाला शिक्षा करताना न्यायाधीशांचा हात इतका भराभर चालल्याचं तिथल्या शिपायाला आठवत नव्हतं. अपिलासाठी शिक्षा थांबवली आणि जामीन दिला, पण अट घातली की पुन्हा कोणाच्या अंगावर हात उचलायचा नाही.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "अहो, तुम्हाला कोर्टात उभं केलं होतं की सत्काराला?"

दुसऱ्या दिवशी ती त्यांना वकीलबाईंकडे घेऊन गेली. वकीलबाईंचे तिन्ही काळे कोट याच दुकानातले. त्यांनी निकाल वाचला, मास्तरांचा जबाब वाचला, चष्मा काढला आणि डोळे चोळले.

"मास्तर, एक सरळ रस्ता आहे," त्या म्हणाल्या. "मारलं हे मान्य करायचं. पण ती माप घ्यायची पद्धत आहे, राग नाही, द्वेष नाही, गिऱ्हाइकांना माहीत असतं आणि चालतं. यावर सुटता येईल. फक्त तसं प्रतिज्ञापत्रावर सांगणारी पाच मोठी माणसं आणा."

"पाच?" मास्तर हसले. "पन्नास आणतो, ताई."

ते आधी हेडमास्तरांकडे गेले. चहा झाला, पाठदुखीची चौकशी झाली. मग मास्तरांनी विषय काढला. हेडमास्तरांनी शेजारच्या खोलीचं दार हळूच लोटलं.

"मला? छे छे! मला कधी मारलंत तुम्ही?"

"सर, तीन कोटांना तीन."

"तुमचा काहीतरी गोंधळ होतोय. आणि समजा झालंच असेल, तर ते मी लिहून कसं देऊ? मुलं काय म्हणतील?"

डॉक्टरांना आठवत नव्हतं. दुसऱ्या डॉक्टरांना आठवत होतं, पण ते पहिल्या डॉक्टरांबद्दल. बँकेच्या मॅनेजरनी तर कानावरच हात ठेवले. त्यांना बढती मिळायची होती आणि मार खाल्लेला मॅनेजर वरच्यांना कसा दिसेल, याची त्यांना काळजी होती. वकील मंडळी बाररूममध्ये बसली होती. काल-परवापर्यंत एकमेकांना प्रसादाबद्दल विचारणारी ही माणसं मास्तरांना बघून घाईघाईनं कागदात शिरली. मास्तर आठ दिवस हिंडले. अडतीस वर्षांत त्यांनी ज्यांच्या पाठी ओळखल्या होत्या, त्यांनी आता त्या फिरवल्या. मास्तरांना याचं खरंच वाईट वाटलं. तुरुंगाचं वाटलं होतं त्याहून जास्त.

गंमत अशी की माणसं वाईट नव्हती. मास्तरांसाठी काहीतरी करायची सगळ्यांचीच इच्छा होती. आठवडा संपता संपता हेडमास्तर स्वतःहून वकीलबाईंकडे गेले आणि विचारून आले, की मास्तरांनी आपल्याला कधीही बोट लावलेलं नाही असं लिहून दिलं तर चालेल का? त्यांच्या मागोमाग दोन्ही डॉक्टर आले. मग मॅनेजर. मग एक ज्येष्ठ वकील, ज्यांच्या पाठीचा बाक मास्तर डोळे मिटून काढून दाखवू शकले असते.

वकीलबाईंनी मास्तरांसमोर कागद ठेवले. "खरं सांगणारा एक साक्षीदार नाही. खोटं सांगणारे पाच आहेत, आणि पाचही नामवंत. आता तुम्हीच सांगा, मी काय करू?"

अपिलाचा मसुदा तयार झाला. त्यात म्हटलं होतं की फिर्यादी नव्या बुटांमुळे घसरून पडला. 'सगळ्यांनाच मारतो' हे आरोपीचं वाक्य म्हणजे आई मुलाला 'मारीन हं' म्हणते तशातला प्रकार आहे. सगळ्यांना मारत असता, तर सगळ्यांपैकी एक तरी पुढे आला असता. चौथ्या मुद्द्यावर मास्तर अडले. 'अपीलकर्ता माप घेताना गिऱ्हाइकाच्या अंगाला टेपखेरीज कशाचाही स्पर्श होऊ देत नाही.'

"यावर मी सही करणार नाही," मास्तर म्हणाले. "अहो, मग माझे कोट बसतात कसे? हे वाचून कोणाही शिंप्याला वाटेल की मी अंदाजपंचे शिवतो."

"अपील शिंपी वाचत नाहीत," वकीलबाई म्हणाल्या.

"माझे मामा वर बसून वाचत असतील."

शेजारी बसलेल्या बायकोनं पेन उचललं आणि त्यांच्या हातात दिलं. "मामांना मी समजावते. मला तीन महिने तुम्ही नसलेल्या घरात राहायचं नाहीये. मला भीती वाटते. करा सही."

छत्तीस वर्षांच्या संसारात तिनं भीती वाटते असं एकदाही म्हटलं नव्हतं. मास्तरांनी सही केली. अक्षर त्यांचं त्यांनाच ओळखू आलं नाही.

अपिलाला सात महिने लागले. त्या सात महिन्यांत मास्तरांनी कोणाच्या पाठीला हात लावला नाही. माणसं यायची, आरशासमोर श्वास कोंडून उभी राहायची, आणि मास्तर त्या कोंडलेल्या श्वासावरून टेप फिरवायचे. त्यांनी गुदगुल्यांचा विचार केला. तोही अंगाला हातच झाला. बायकोच्या सल्ल्यानं पुरुषांना वय विचारून पाहिलं, तर त्यांनी छाती आणखी पुढे काढली. एकदा मागून मोठ्यानं खोकून पाहिलं, तर गिऱ्हाईक "तब्येतीला जपा" म्हणालं. कोट शिवून व्हायचे, आरशासमोर झकास दिसायचे आणि चार दिवसांनी परत यायचे. बटण लागत नाही. हात वर होत नाही. बसलं की कॉलर मानेवर चढते. दुकानातली परत आलेल्या कोटांची दांडी वाकायला लागली. मास्तर उसवत बसायचे. आपलंच काम उसवणं शिंप्याला नवं नसतं, पण इतकं कधी उसवलं नव्हतं.

अपिलाच्या दिवशी वरच्या कोर्टात कंत्राटदार पहिल्या बाकावर येऊन बसले होते, आणि त्यांच्या अंगात तो कोट होता. त्याचं असं झालं होतं, की कापड त्यांचंच होतं, मापं वहीत होती, आणि मास्तरांच्या बायकोनं मिटवामिटवी होईल या आशेनं नवऱ्याच्या मागे लागून कोट शिवून घेतला आणि घरपोच केला होता. कंत्राटदारांनी कोट ठेवून घेतला आणि खटलाही चालू ठेवला.

मास्तर त्या कोटाकडे बघत राहिले. एवढा अवजड माणूस, पण कॉलर मानेला चिकटून बसलेली. पाठीवर एक सुरकुती नाही. कंत्राटदारांनी घाम पुसायला हात वर केला तर कोट जागचा हलला नाही. मास्तरांच्या मनात आलं, याहून मोठा पुरावा काय हवा? न मारता हे माप मिळालं असतं का? या खोलीतल्या कोणालाही शिवणाची अक्कल असती, तर मी आत्ताच्या आत्ता आत गेलो असतो.

सरकारी वकिलांनी 'सगळ्यांनाच मारतो' हे वाक्य तीनदा वाचून दाखवलं. वकीलबाईंनी पाच प्रतिज्ञापत्रं मांडली. न्यायाधीश वयानं मोठे होते आणि त्यांना सगळं नीट पारखून घ्यायची सवय होती. त्यांनी कंत्राटदारांना उभं राहायला सांगितलं.

"हा कोट कुठे शिवला?"

कंत्राटदार गडबडले. "यांच्याकडेच, साहेब."

"ज्या माणसानं तुम्हाला मारलं असं तुम्ही म्हणता, त्यानं शिवलेला कोट घालून तुम्ही त्याच्याविरुद्ध कोर्टात आलात?"

"कोट चांगला आहे, साहेब," कंत्राटदार म्हणाले. दुसरं काय म्हणणार? चांगला होताच तो.

न्यायाधीश मास्तरांकडे वळले. "याचं माप घेताना तुम्ही यांच्या अंगाला हात लावला होता?"

हेडमास्तर आणि डॉक्टर मागच्या बाकावर श्वास रोखून बसले होते, माप द्यायला उभे राहिल्यासारखेच. मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. ती त्यांच्याकडे बघत नव्हती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"टेप लावली होती, साहेब," मास्तर म्हणाले.

निकालात न्यायाधीशांनी लिहिलं की फिर्यादीने स्वतः तो कोट अभिमानाने वापरावा, यावरूनच मारहाणीची कथा विश्वासार्ह वाटत नाही. आरोपी हा शांत, वयस्कर कारागीर असून त्याने आयुष्यात कोणावरही हात उचलल्याचा पुरावा नाही. मास्तर निर्दोष सुटले. हेडमास्तरांनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. डॉक्टरांनी हात हातात घेतला. "आम्हाला खात्री होतीच," सगळे म्हणाले, आणि त्यांना ती खरोखरच होती. मास्तरांनी सगळ्यांना हात जोडले. त्यांना स्वतःची लाज वाटत होती. बायको रडत होती म्हणून त्यांनी ते कोणाला सांगितलं नाही.

निकालाची नक्कल बायकोनं फ्रेम करून आरशाशेजारी लावली. आता जामिनाची अट उरली नव्हती, पण मास्तरांचा हात काही उचलेना. गिऱ्हाइकामागे उभे राहिले की समोर फ्रेम दिसायची. आयुष्यात कोणावरही हात उचलल्याचा पुरावा नाही. एका न्यायाधीशानं सही-शिक्क्यानिशी लिहून दिलेलं आता खोटं कसं पाडायचं? परत आलेल्या कोटांची दांडी बदलून लोखंडी घ्यावी लागली.

दीड महिन्यानं एका दुपारी कंत्राटदार दारात उभे राहिले. बायको काज करत होती, तिचा हात थांबला. कंत्राटदारांनी बूट बाहेर काढले आणि मोजे घातलेल्या पायांनी आत आले. काखेत कापडाची घडी होती.

"दुसरा कोट शिवायचाय," ते म्हणाले. "दुसरीकडे दोन शिवले. दोन्ही नोकराला दिले."

मास्तरांनी मान डोलावली आणि टेप घेतली. कंत्राटदार आरशासमोर उभे राहिले. छाती पुढे, पोट आत. मास्तरांनी छाती घेतली, पोट घेतलं, आकडे पुटपुटले, बायकोनं लिहिले. कंत्राटदार आरशातून त्यांच्याकडे बघत होते.

"मारणार नाही?"

"मी कोणाला मारत नाही," मास्तर म्हणाले. "ते बघा, लिहिलंय."

कंत्राटदारांनी फ्रेम वाचली. सावकाश, शेवटपर्यंत वाचली. वळले तेव्हा त्यांच्या आवाजातला पुलापलीकडे जाणारा जोर गेला होता.

"मास्तर, त्या कोर्टात खरं बोलणारा मी एकटा होतो. आणि खोटा ठरलो मी. माझी मुलगी मला म्हणते, 'बाबा, बुटावरून घसरलात आणि गरीब शिंप्यावर घातलंत.' बायको म्हणते, तुमचा पहिल्यापासूनच बाऊ करायचा स्वभाव. साइटवर मजूर माझ्यासमोर घसरून दाखवतात. मला आता कधी कधी वाटतं, मीच घसरलो असेन." ते थांबले. "मला नुकसानभरपाई नको, माफी नको. कोणाला सांगणारही नाही. फक्त एवढं सांगा. मारलं होतं का नाही?"

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. या वेळी ती त्यांच्याकडेच बघत होती. तिनं हळूच होकारार्थी मान हलवली.

"मारलं होतं," मास्तर म्हणाले. "चांगला बसला होता. पाय बघायला हवे होते तुमचे, तेवढं चुकलं माझं. पण मारलं होतं."

कंत्राटदारांच्या तोंडून मोठा निःश्वास बाहेर पडला. खांदे उतरले, मान सैल झाली आणि ते भलंमोठं पोट बिनघोर पुढे आलं. मास्तरांच्या हातांनी टेप फिरवली.

"पोट शेहेचाळीस!" ते ओरडले. "लिही, शेहेचाळीस!"

बायकोनं मघाशी लिहिलेला त्रेचाळीसचा आकडा खोडला आणि त्याच्याखाली खरा लिहिला.